बोरजाईची एकसष्ट घरं

एका तालुक्याच्या गावात समाजशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक होते. हंबर्डे सर त्यांचं नाव. माणूस साधा, बोलायला गोड, पण एका गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता. ती गोष्ट म्हणजे बोरजाई.

बोरजाई हे डोंगराच्या कुशीतलं गाव. सर नवे नवे नोकरीला लागले, त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपताच बावीस विद्यार्थी घेऊन ते तिथे गेले आणि महिनाभर राहिले. शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपायचं, विहिरीवर अंघोळ उरकायची आणि छापील प्रश्नावली घेऊन घरोघर हिंडायचं. काय दिवस होते ते. पोरं प्रश्न विचारायला जायची आणि गावातल्या बायकाच त्यांना प्रश्न विचारून हैराण करायच्या. लग्न झालं का, जमीन किती, आई काय करते. एका पठ्ठ्याने तर ‘घरातील माणसे’ या रकान्यात म्हातारीच्या आग्रहाखातर तिची म्हैसही लिहून आणली. सर रागावले नाहीत. म्हणाले, “तिने सांगितलं ना, मग ठेव. फक्त समासात लिही.” समोरचा माणूस सांगेल ते लिहायचं, आपल्याला हवं ते नाही, हा सरांचा पहिला धडा असे.

त्या महिन्यातून सरांचं पुस्तक झालं. पुस्तक गाजलं. गावाचा अभ्यास कसा करावा हे सांगताना सगळे त्याचाच दाखला देऊ लागले. त्यातलं एक वाक्य तर विद्यार्थी पाठच करायचे. बोरजाईची शंभरातली पंच्याण्णव मुलं शाळेत जातात, हे ते वाक्य. सत्तावीस वर्षं सर ते वर्गात सांगत आले. सांगताना दर वर्षी त्यांचा चेहरा उजळायचा, आणि म्हशीची गोष्ट ओघाने यायचीच.

आता सर निवृत्तीला आले होते. फाल्गुनात मोठा सत्कार ठरला होता. पुस्तकाची नवी आवृत्तीही त्याच दिवशी निघायची होती. सर खुशीत होते.

अशात एक दिवस जयश्री डोईफोडे त्यांच्याकडे आली. ही त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी मुलगी. हुशार, कमी बोलणारी. मूळची बोरजाईचीच, पण मामाकडे राहून तालुक्याला शिकलेली. तिने प्रबंधाचं चौथं प्रकरण सरांच्या टेबलावर ठेवलं आणि ती उभीच राहिली.

“बस ना,” सर म्हणाले.

“आधी वाचा, सर. मग सांगा, बसू का जाऊ.”

सरांनी वाचलं. वाचता वाचता त्यांनी चष्मा दोनदा पुसला. जयश्रीने लिहिलं होतं, की बोरजाईच्या त्या अभ्यासात दोनशे बारा घरांपैकी एकसष्ट घरं धरलेलीच नाहीत. पाहणी झाली दिवाळीनंतर. त्याच दिवसांत गावातल्या माळगल्लीची माणसं पोराबाळांसह ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. तीनदा जाऊन कुलूप दिसलं, की कागदावर ‘घर बंद’ लिहायचं असा नियम होता. नियम पाळला गेला आणि गल्लीच्या गल्ली गळाली. या घरांतली मुलं मोजली असती, तर शंभरातली पंच्याहत्तरसुद्धा शाळेत निघाली नसती.

सरांनी पानं नीट एकावर एक लावली. मग म्हणाले, “एवढ्याने काय बिघडलं गं? आकडा थोडा चुकला.”

“पुस्तक निघालं त्याच्या दुसऱ्या वर्षी गावात मुलांसाठी वसतिगृह काढायचं घाटत होतं,” जयश्री म्हणाली. “आईबाप तोडीला गेले, की पोरांनी गावात राहून शिकावं म्हणून. कचेरीतल्या साहेबांनी तुमचं पुस्तक पुढे केलं. इथली सगळी मुलं शाळेत आहेत म्हणाले. वसतिगृह दुसऱ्या गावाला गेलं. माझी थोरली बहीण कौसल्या तेव्हा दहा वर्षांची होती. तिची शाळा तिथेच संपली.”

एवढं बोलून ती बसली.

सरांना त्या रात्री झोप लागली नाही. खरं सांगायचं तर त्यांना राग आला होता. आपण जिला शिकवलं, तिनेच आपल्या ताटात माती कालवावी? सकाळी त्यांनी ही गोष्ट कॉलेजात शेजारी बसणाऱ्या कानगुडे सरांना सांगितली. कानगुडे सर व्यवहाराला पक्के.

“त्यात काय एवढं?” ते म्हणाले. “विषयाला धरून नाही असं लिहा आणि प्रकरण काढून टाकायला सांगा. तुमच्या सहीशिवाय तिचा प्रबंध पुढे सरकतो थोडाच? सत्कार होऊन जाऊ द्या. मग बघू.”

सल्ला सोयीचा होता. सरांनी पेन उघडलंही. पण काही लिहायच्या आधी आपलं म्हणणं पक्कं करावं म्हणून त्यांनी घरातली जुनी पत्र्याची पेटी काढली. बोरजाईच्या सगळ्या प्रश्नावल्या तिच्यात होत्या. कडा पिवळ्या पडल्या होत्या, काही पानांवर चहाचे डाग होते. एकेक कागद हातात घेताना सरांना ती माणसं दिसू लागली. बोटावर मोजून वय सांगणारे आजोबा. पदराआड हसणाऱ्या लेकी. ‘एवढं लिहून काय व्हायचंय रे?’ असं विचारणारा लोहार. म्हशीचा कागद मिळाला तेव्हा सर एकटेच हसले आणि त्यांचे डोळे भरून आले. ते ऐन तिशीतले दिवस, ती उमेद, तो थंडीतला धुराचा वास, सगळं त्यांना फार फार हवंसं वाटलं.

मग ‘घर बंद’ लिहिलेले कागद लागले. त्यातला एक त्यांच्या स्वतःच्या अक्षरातला होता. समासात शेजारच्या म्हातारीचं बोलणं बारीक अक्षरात टिपलेलं होतं. “समदी गल्ली तोडीला गेलीय, बाबा. पाडव्याला या, तवा भेटतील.”

सर तो कागद हातात धरून बसून राहिले. त्यांना सगळं आठवलं. त्या वर्षी पाडव्याच्या आसपास परीक्षा होत्या, पुस्तक छापखान्यात द्यायची घाई होती, आणि पंच्याण्णव हा आकडा फार देखणा दिसत होता. म्हातारीने सांगितलं होतं. सरांनी लिहूनही घेतलं होतं. फक्त ते परत गेले नव्हते.

जयश्रीला हे ठाऊक नव्हतं. तिने चूक नियमावर ढकलली होती, सरांवर नाही. पेटी बंद केली असती, तर हे कुणालाच कधी कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रकरणावर सही केली आणि तो कागद जयश्रीच्या हातात दिला. “हा प्रबंधाला जोड,” ते म्हणाले.

जयश्रीने समास वाचला. तिने कागद परत पुढे केला. “सर, हे नाही जोडलं तरी माझं काही अडत नाही. लोक तुम्हाला नावं ठेवतील.”

“ठेवू देत. समोरचा सांगेल ते लिहायचं, असं तुम्हाला शिकवलं मी. लिहिलेलं आपणही वाचायचं असतं, ते शिकवायचं राहून गेलं. मला लाज वाटते, जयश्री. ती लपवून सत्काराची शाल घेतली, तर आणखी वाटेल.”

नवी आवृत्ती सरांनी थांबवली. सत्काराला मंडप भरला होता, आजी-माजी विद्यार्थी लांबलांबून आले होते. सरांनी म्हशीची गोष्ट सांगितली नाही. त्यांनी ‘घर बंद’च्या कागदावरचं म्हातारीचं बोलणं वाचून दाखवलं आणि पुढे काय झालं तेही सांगितलं. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. कानगुडे सर तर शेवटपर्यंत खाली बघत होते. कचेरीला सरांनी चुकीची दुरुस्ती लेखी कळवली आणि वसतिगृहासाठी अर्जही केला. तो अर्ज अजून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतोच आहे.

पण सरांचं मन एवढ्याने हलकं झालं नाही. सत्कारानंतर चार दिवसांनी जयश्रीला बरोबर घेऊन ते एसटीने थेट साखर कारखान्याच्या मुलखात गेले. उसाच्या फडात कौसल्या मोळ्या बांधत होती. छत्तिशीची बाई, पण हात एखाद्या म्हातारीसारखे खरबरीत. सरांनी हात जोडले आणि आपण कोण, आपल्या हातून काय झालं, ते सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “मला माफ कर, बाई.”

कौसल्याने मोळी आवळली. “माफीचं काय करू मी, सर? तवा इचारायला आला नव्हता. आता आलाय, तर इचारा की. पर बसाया येळ न्हाई. चालता चालता इचारा.”

मग ती मोळ्या बांधत पुढे निघाली आणि सर पिशवीतून आणलेली कोरी प्रश्नावली घेऊन तिच्या मागून सरीतून चालू लागले. नाव. वय. घरात माणसं किती. ती सांगत होती, ते लिहीत होते. शिक्षण या प्रश्नाशी ती थांबली.

“तिसरी,” ती म्हणाली. “चवथीचं पुस्तक आणलं व्हतं. त्याला कवरबी घातलं व्हतं. ते लिवता येतं का तुमच्या कागदात?”

कागदात तसा रकाना नव्हता. सर तिथेच सरीत खाली बसले, आणि त्यांनी हाताने तो आखला.

तात्पर्य: ज्याचं दार आपल्याला बंद दिसलं, तो माणूस नव्हताच असं समजू नये, त्याच्या सवडीने पुन्हा जाऊन विचारावं. आणि आपली चूक सापडली, तर ती आपल्याच हाताने दाखवावी, मग आपलं नाव कितीही मोठं असो.