आडव्या गाडीचं माप

तीच गोष्ट मला पुन्हा सांगायला लावता, सुधारत मात्र कुणी नाही. असो, ऐका.

तातोबा शिंप्यानं आपली चिमुकली गाडी मिरजेत दवाखान्यासमोर फुटपाथकडे तोंड करून लावली आणि गुडघे धरलेल्या बायकोला आत नेलं. बाहेर येतो तर वाहतूक हवालदार गाडीला क्रेनची साखळी लावतोय. शेजारी नगरसेवकाची भलीमोठी गाडी, चाकं घासू नयेत म्हणून फुटपाथपासून हातभर लांब.

"आडवी लावतोस? उचला हो ही," नगरसेवक गुरगुरला.

तातोबाचं डोकं तापलं. बायकोला घरी काय पाठीवर न्यायचं?

"हवालदारसाहेब, मला वाचता येत नाही. पाटीवर काय लिहिलंय?"

"वाहन पांढऱ्या पट्ट्याच्या आत लावावे."

"तोंड कुठं करावं, ते?"

"ते नाही लिहिलेलं."

तातोबानं गळ्यातली टेप काढून दोन्ही गाड्या मापल्या. "माझी आडवी असून पट्ट्याच्या चार बोटं आत. यांची सरळ असून वीतभर बाहेर. आता उचला कुठली ती."

हवालदारानं साखळी सोडली आणि शेजारच्या गाडीला लावली.

तातोबाची माफी मात्र अजून कुणी मागितलेली नाही. मागायची आहे नगरसेवक दिनकरराव शिरगुप्पे यांनी.