कुत्र्यांचा कायदा आणि सहा शनिवार

लंडनच्या संसदेत विनिफ्रेड हॅलम नावाच्या बाई सभापती होत्या आणि सर बेसिल पंतप्रधान होते. बेसिलसाहेबांनी सार्वजनिक बागांत कुत्री आणायला बंदी घालणारा कायदा मांडला. इंग्रज माणूस एक वेळ बायकोशी अबोला धरेल, पण कुत्र्याला फिरवल्याशिवाय राहणार नाही. साहेबांच्याच पक्षाचे खासदार कुरकुरू लागले.

साहेब तणतणत सभापतींच्या दालनात आले. "सरकार मी चालवतो. तुमची संसद नुसती तोंडाची वाफ दवडते. राजेसाहेबांना सांगून सहा आठवडे अधिवेशनच बंद ठेवतो. सगळे घरी गेले की तोंडं आपोआप मिटतील."

राजा पंतप्रधानांचा सल्ला डावलत नाही, हे विनिफ्रेडबाईंना ठाऊक होतं. साहेबांना अडवणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी शांतपणे चहा ओतला.

"खुशाल ठेवा. इथे आहेत तोवर खासदार तुमच्या प्रतोदाचं ऐकतात. घरी गेले की दर शनिवारी मतदारांना भेटतात आणि त्यांचं ऐकतात. असे सहा शनिवार. आणि मतदार काही एकटे येणार नाहीत, कुत्री घेऊन येतील."

"माझ्या खासदारांना मी सांभाळेन."

"कधी सांभाळणार? तुम्हीही खासदारच आहात. तुमचे मतदारही शनिवारी तुमच्या दारात उभे असतील."

साहेबांनी सुट्टीचा विषय पुन्हा काढला नाही. शनिवारी ते आपल्या मतदारसंघात जाऊन आले. सोमवारी कायदा मागे घेतो म्हणून सांगायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या काळ्या विजारीला गुडघ्यापर्यंत पांढरे केस चिकटलेले होते.