उचकी लागलेलं दुपटं

एक होती राणी, आणि तिला विणता येत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, राणीला कशाला विणायला लागतं? तिच्या हाताखाली माणसं असतात. पण हिवरगडची गोष्ट वेगळी होती, बरं का. हिवरगड होता उंच डोंगरावर. आणि त्याच्याही वर, जिथं झाड उगवत नाही तिथं, राहायची हिंवबाई. अंगानं काटकुळी, केस पांढरेफेक, लुगड्याचे काठ कायम ओले. गडावर बाळ जन्मलं की ती वाट बघत बसायची. बाळ शेगडीच्या खोलीत असेपर्यंत तिचं काही चालत नसे. पण बारशाला बाळ पहिल्यांदा बाहेर चौकात यायचं, पाळण्यात निजायचं. तेव्हा हिंवबाई यायची आणि विचारायची, “दुपटं कोणाच्या हातचं?”

आईच्या हातचं असलं, तर तिला आत शिरायला वाट शोधावी लागे. वाट नाही सापडली तर मुकाट निघून जाई. दुसऱ्या कोणाच्या हातचं असलं, तर सरळ उचलायची, आत शिरायची आणि बाळाची ऊब घेऊन जायची. बाळ जगायचं, मोठं व्हायचं. पण गारच राहायचं.

राजाचंच बघा ना. तो झाला तेव्हा त्याची आई आजारी होती. दुपटं केलं दरबारच्या विणकरांनी. देखणं होतं म्हणे. तेव्हापासून राजाचे हात बारमाही गार. आणि त्याला कधी हसू आलं नाही. विदूषक कोलांट्या मारून दमला, राजा म्हणाला, “बरं.” मुलगी झाली म्हणून सगळा गड नाचला, राजा म्हणाला, “बरं.”

राणीचं नाव शेवंता. तिनं मांडीवरच्या मुलीकडं बघितलं आणि ठरवलं, ही ‘बरं’ म्हणणारी व्हायची नाही. दुपटं मीच करणार.

मग भागामावशी आली. भागामावशी म्हणजे बाळ-बाळंतिणीचं करणारी. तिनं राणीच्या हातात टोकाला आकडा असलेली सुई दिली. आपण क्रोशाची सुई म्हणतो ना, तीच. आधी साखळी घालायला शिकवली. मग साखळीत आखूड टाका. सुई घालायची, धागा ओढायचा, पुन्हा ओढायचा, झालं.

राणी करायला बसली. पण तिच्या मनात भीती. एवढंसं भोक राहिलं आणि तिथून हिंवबाई शिरली तर? म्हणून तिनं प्रत्येक टाका करकचून ओढला. बोटं लाल झाली तरी ओढला. मग काय झालं? दुपटं झालं फळीसारखं. भिंतीला टेकवलं तर उभं राहिलं.

मावशी म्हणाली, “बाईसाहेब, हे पांघरायचं, की यावर पोळ्या लाटायच्या?”

राणीनं उसवलं.

मग दुसऱ्यांदा घातलं. या वेळी हात सैल ठेवला. टाके मऊ पडायला लागले. पण ओळ संपत आली की राणीला वाटायचं, बाळ श्वास घेतंय ना? की ती उठलीच. पाळण्याशी जायची, बाळाच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास लागला बोटाला की परत यायची, हातातलं विणकाम उलटं फिरवायची आणि पुढची ओळ धरायची. मागच्या ओळीतला शेवटचा टाका घालायचा राहिलाय, हे तिच्या ध्यानातच यायचं नाही. दर ओळीला एक टाका गळला. दुपटं खाली रुंद, वर अरुंद, आणि शेवटी टोक.

मावशीनं ते उचलून धरलं. “हे पाळण्यात नको. देवळावर पताका म्हणून लावू या.”

“मावशी, हसू नका हो.”

“हसत नाहीये. देवाला पण थंडी वाजते.”

राणीनं पुन्हा उसवलं. पण तोच धागा किती वेळा उसवणार? तो पिंजला, आणि ठिकठिकाणी तुटला. बारसं तर अगदी तोंडावर आलेलं. मावशी दुसरी लोकर बघायला गेली. राणी खिडकीशी तुटलेले धागे मांडीत घेऊन बसली.

तेवढ्यात खिडकीतून एक काळं तोंड आत आलं. मेंढी होती. तिच्यामागं तिचं कोकरू.

मेंढी म्हणाली, “का गं बयो, रडतेस कशाला?”

“रडत नाही मी.”

“बरं, मग उसवतेस कशाला?”

राणीनं सगळं सांगितलं. फळी सांगितली, पताका सांगितली. मेंढीनं रवंथ करत करत ऐकून घेतलं.

मग म्हणाली, “मी चरते तेव्हा हे माझं बाळ मागं असतं. दर घासाला मान वळवून बघत बसले तर मी खाणार कधी? आणि मी खाल्लं नाही तर याला दूध कुठून?”

“मग तुला काळजी नाही वाटत?”

“वाटते की. पण मी मान पुढं ठेवते आणि कान मागं ठेवते.”

असं म्हणून मेंढीनं खिडकीच्या चौकटीला अंग घासलं. लोकर निघाली, तिचा आपोआप धागा झाला, आणि धाग्याचा गुंडा होऊन राणीच्या पायाशी घरंगळत आला. गोष्टीतली मेंढी होती ना, तिचं असंच असतं.

“गुंडा पाळण्याखाली टांग,” मेंढी म्हणाली. “माझ्या लोकरीला बाळाचा श्वास कळतो. आणि ओढाओढी करू नकोस, रुसेल ती.” एवढं बोलून ती गेली. कोकरू मागोमाग गेलं. मेंढीनं काही वळून बघितलं नाही, पण तिचे कान मागं होते.

मग राणीनं गुंडा पाळण्याखाली टांगला आणि साखळी घातली. बाळानं श्वास घेतला. धागा आपणहून लांब आला. राणीनं सुईला त्याचा एक वेढा दिला आणि मग टाका घातला. टाका खांबासारखा उंच उभा राहिला. बाळानं श्वास सोडला. धागा आखडला. राणीनं आखूड टाका घातला. श्वास घेतला, उंच. सोडला, आखूड. उंच, आखूड. राणीला उठून बघायची गरजच उरली नाही. बाळाचा श्वास तिच्या बोटातून जात होता.

ओळ संपत आली. राणीचं मन म्हणालं, ऊठ. राणी म्हणाली, थांब, शेवटचा टाका घालू दे. तो घातला आणि काम फिरवलं. मग आखूड टाक्यावर उंच आला, आणि उंचावर आखूड आला. उंच टाका दोन आखूड टाक्यांमध्ये मावेना, तो फुगून वर आला. असे दाणेच दाणे उठले. दुपटं सीताफळाच्या पाठीसारखं झालं.

मावशी हात रिकामेच हलवत परत आली आणि बघतच राहिली. “अगंबाई! याला गोवर आलाय का?”

“हात लावून बघा.”

मावशीनं हात लावला. दाण्यादाण्याच्या मधे खळगा, आणि खळग्याखळग्यात ऊब बसलेली. मावशीनं लवकर हात काढलाच नाही.

दुपटं पुरं होत आलं. आणि नेमकी बाळाला उचकी लागली. धागा एकदम आखडला, पुन्हा आखडला. राणीच्या हातून दोन आखूड टाके शेजारी शेजारी पडले. तिथं दाणा उठला नाही. खड्डा पडला. राणीला तो दिसला तेव्हा चौकात सनई सुरू झाली होती. उसवायला वेळ नव्हता.

“दिसत नाही हो फारसं,” मावशी म्हणाली.

“तिला दिसेल.”

मग बाळाला बाहेर आणलं. पाळण्यात ठेवलं, वर दुपटं घातलं. गार वारा सुटला, दिव्यांच्या वाती झुकल्या, आणि हिंवबाई आली. तिच्या लुगड्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

“दुपटं कोणाच्या हातचं?”

“माझ्या,” राणी म्हणाली.

“बघू.”

हिंवबाईनं आधी कडा चाचपल्या. एकही टाका गळलेला नव्हता. मग ती वाऱ्यासारखी हलकी होऊन दुपट्यावरून चालायला लागली. गुळगुळीत दुपट्यावरून ती सर्रकन घसरत जायची. पण इथं दर पावलाला डोंगर, दर पावलाला दरी, आणि दरीत ऊब. तिचे तळवे पोळायला लागले. “अगं आई गं,” म्हणत ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागली.

आणि मग तिला तो खड्डा सापडला.

“हं! इथं चुकलंय,” ती म्हणाली. राणीनं पाळण्याची दोरी घट्ट धरली. हिंवबाईनं खड्ड्यात बोट घातलं.

पण त्या दोन टाक्यांत काय होतं? बाळाची उचकी होती. विणून टाकलेली. ती हिंवबाईच्या बोटातून चढली ती थेट गळ्यात.

“उच्क!”

हिंवबाई दचकली. तिनं फुंकर मारायला तोंड उघडलं. “उच्क!” फुंकरच निघेना. “हे काय उच्क होतंय मला?”

भागामावशी म्हणाली, “उचकी आहे, बाई. कुणीतरी तुमची आठवण काढतंय.”

“माझी?” हिंवबाई म्हणाली. “माझी कोण काढणार आठवण? सगळे दारं लावतात.”

“मग बघा बाई जाऊन. उगाच नाही लागत उचकी.”

हिंवबाईनं बोट काढून घेतलं, पदर खोचला, आणि आपली आठवण कोण काढतंय ते शोधायला डोंगरापलीकडं निघून गेली. उतारावरून बराच वेळ ऐकू येत होतं. उच्क. उच्क.

आणि तेवढ्यात चौकात एक वेगळाच आवाज आला. सगळ्यांनी वळून बघितलं. राजा हसत होता. त्याचा हात दुपट्यावर होता, खळग्यांतल्या उबेत. त्याला हसायची सवय नव्हती, म्हणून ते बकरी खोकल्यासारखं वाटत होतं. पण हसणंच होतं ते.

मग बाळाचं नाव ठेवलं, वत्सला. घुगऱ्या वाटल्या. मेंढीला आणि कोकराला ओंजळभर जास्त दिल्या. हिंवबाई अजून शोधतेच आहे. कधीमधी येते गडावर, पण उचकी लागली की परत फिरते. बाकी सगळी उबेत राहिली.

आणि राणी? राणीला काळजी वाटायची ती वाटतेच. ती अजूनही उठते आणि पाळण्यात वाकून बघते. पण ओळीतला शेवटचा टाका घालून मगच उठते.

झाली गोष्ट. पाय पांघरुणात घ्या बघू. डोळे मिटा, आणि आपला आपला श्वास ऐका. घेतला, उंच. सोडला, आखूड. मी इथंच आहे. निजा आता.