पारख्याचा चष्मा आणि आक्काचा रुमाल

राजेराण्यांचे दिवस होते, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात सगळी घरे विणकरांची होती. राणीसाठी विणलेले कापड आधी गावच्या पारख्यापुढे यायचे. त्याने मान डोलावली, की ते राजवाड्यात जाई. डाग दिसला, तर तो कात्रीने कापडाचा कोपरा कापी. मग ते कापड कुणीच घेत नसे.

हा पारखी लहानपणीच पोरका झालेला. थोरल्या बहिणीने, आक्काने, माग चालवून त्याला वाढवले. उतारवयात त्याला चष्मा लागला, तेव्हा तिने काचा पुसायला तळहाताएवढा मऊसूत रुमाल विणला आणि दोरीने चष्म्याच्या दांडीलाच बांधून दिला.

“हाताशी असू दे रे. बोटं लागतातच काचेला.”

पण पारखी आता मोठा माणूस! त्याच्या कानापाशी चिंधी लोंबणार? आक्काची पाठ वळताच त्याने दोरी सोडली आणि रुमाल कोनाड्यात टाकला. काचा तो जरीच्या उपरण्यानेच पुसे. जरीने डाग निघत नाही, नुसता पसरतो. पण ऐट राहते ना!

एके दिवशी आक्का राणीसाठी शेला घेऊन आली. वर्षभर खपून विणलेला. पारखी नुकताच शिरापुरी खाऊन बसला होता. तुपाच्या बोटांनी त्याने चष्मा सावरला, काचांवर उपरणे फिरवले आणि शेला उलगडला. मधोमध धुरकट डाग दिसला.

“आक्का, डाग आहे गं.”

तिने शेला डोळ्यांजवळ नेला. “मला नाही दिसत. पण तुझी नजर खरी. काप कोपरा. बहीण म्हणून सोडू नकोस.”

त्याने कोपरा कापला. आपण किती न्यायी, असे वाटून तो मनात खूशही झाला. आक्का शेला पोटाशी धरून निघून गेली.

मग दुसऱ्या विणकराचे कापड आले. त्यावरही तसाच डाग. तिसऱ्यावरही तसाच. पारख्याने मान वर केली, तर समोरच्या पांढऱ्या भिंतीवरही तोच! त्याने चष्मा काढून उजेडात धरला. कोनाड्यातला रुमाल काढून त्याने काचा पुसल्या. भिंत स्वच्छ झाली, कापडेही स्वच्छ झाली.

तो धावतच आक्काकडे गेला. मागावर चढवलेला नव्या कापडाच्या उभ्या धाग्यांचा ताणा तिने कापून टाकला होता.

“आक्का, डाग माझ्या काचेवर होता! तुझा शेला निर्मळ होता गं!”

आक्काने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “मला बरं वाटावं म्हणून बोलतोस. पहिल्यापासून मायाळूच तू. पण माझीच नजर गेली रे आता.”

तो रडला, त्याने शपथा घेतल्या. तिने पदराने त्याचे डोळे पुसले, पण त्याचे म्हणणे काही तिला पटले नाही. ती पुन्हा मागावर बसली नाही.

पुढे तो रुमाल जन्मभर पारख्याच्या कानापाशी लोंबत राहिला. लोक त्याच्या नजरेची तारीफ करत, आणि दर वेळी त्याला तो कापलेला कोपरा आठवे.

बोध इतकाच: दुसऱ्याच्या कामात डाग दिसला, तर कात्री उचलण्याआधी आपली काच पुसावी.