लखमायचे बांधलेले हात

समोर गुडघाभर पाण्यात दगड लावताहेत ती आमच्या वाडीची माणसं, आणि कातळावर हात बांधून बसलेला हा म्हातारा म्हणजे मी, बांधाचा मानकरी. घाबरू नका, चोरीबिरी केलेली नाही. या कातळाला लखमायची बैठक म्हणतात. दिवाळी उलटली, भातं झोडून झाली की वाडी या ओढ्यावर दगडमातीचा बांध घालते. पावसाळ्यात पुराने तो जातो, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा घालायचा. मजुरी कुणालाच नाही. आणि वर्षभर या कामामागे धावणाऱ्या मानकऱ्याने नेमकं त्याच दिवशी हात बांधून इथं बसायचं. जरा डावीकडे सरका, मला दिसत नाही.

पहिला बांध लखमायने घातला, असं सांगतात. तेव्हा शिमगा सरला की विहिरी तळाला जायच्या आणि माणसं गुरं घेऊन खाडीकडे उतरायची. लखमाय तरणीताठी विधवा. तिने घराघरांतून माणसं बाहेर काढली, पाणी अडवलं, विहिरींना पाझर आला. दरवर्षी पूर बांध न्यायचा, दरवर्षी ती नव्याने उभी राहायची. केस पिकले तरी तिचा पाय घरात ठरला नाही. दुसऱ्याने लावलेला दगड ती उचलून पुन्हा स्वतः लावायची. बांधाचं मधलं तोंड, जिथून शेवटपर्यंत पाणी धडधडत राहतं, ते बुजवायला तर तिने कुणाला हातच लावू दिला नाही. लोकही सुखावले. आपण दगड वाहायचे, पुढचं लखमाय बघेल.

एका साली ऐन बांधाच्या दिवसांत तिला हिवताप आला. तोंड गुणाजी नावाच्या गड्याने बुजवलं आणि ते माघात फुटलं. त्या उन्हाळ्यात वाडीची निम्मी गुरं मेली म्हणे. सगळे गुणाजीला वाटेल ते बोलले. लखमायने मात्र दोष स्वतःकडे घेतला. तिने त्याला शिकवलं होतं कधी?

पुढच्या दिवाळीनंतर ती सुंभ घेऊन इथं आली नि म्हणाली, "माजे हात बांधा. तोंड बुजल्याबिगर सोडू नका. वाघजायची आण हाय." आणि सगळ्यांदेखत तिने गुणाजीलाच तोंड बुजवायला उभं केलं.

तिची काय तगमग झाली असेल ते मला विचारा. तो बघा, तो दगड हलतोय! अरे, खाली पाला घाल की... नाही, मी बोलायचं नाही. विचारलं तरच सांगायचं, तोही नेम तिचाच.

गुणाजीने फांद्या टाकल्या, त्या वाहून गेल्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा गेल्या. इकडे सुंभाशी झटून झटून लखमायची मनगटं सोलली. शेवटी न राहवून ती आण विसरली आणि ओरडली, "सोडा मना! जाईल, सगळा जाईल!" कुणी वळूनही बघितलं नाही. गुणाजी मांडीभर पाण्यात फांद्यांना पाठ लावून उभा होता, बायका त्याच्या पायाशी चिखलाचे गोळे दाबत होत्या, जो तो दुसऱ्याला ओरडून सांगत होता. तिचं ऐकायला कुणाला सवडच नव्हती. आणि मग पाण्याचा आवाज थांबला.

साठलेलं पाणी बघायला सगळे वरच्या अंगाला पळाले. तिचे हात सोडायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. दिवस मावळेपर्यंत लखमाय इथं तशीच बसून होती. रडत होती आणि हसतही होती, असं सांगतात. अखेर गुणाजीला आठवलं. तो धावत आला, पाया पडून म्हणाला, "आये, इसारलो गे."

"बरा झाला," ती म्हणाली. "पुढल्या साली पन असाच इसर."

म्हणून आजही मानकऱ्याचे हात कुणाला आठवतील तेव्हाच सोडतात. जितका उशीर, तितकं साल चांगलं, असं आम्ही मानतो. गेल्या वर्षी माझे लगेच सोडले. तोंड बुजलं आणि सगळे चिखलाच्या पायांनी माझ्यापुढे येऊन उभे, "तात्या, आता काय करायचं?" आता माझं वय झालं, पुढच्या साली मी असेन की नाही देव जाणे. वर्षभर जिवाला स्वस्थता नव्हती.

ऐका, आवाज थांबला. गेली सगळी वरच्या अंगाला.

नको, नको, सुंभाला हात लावू नका. बसा माझ्यापाशी. ऊन कलायला लागलंय आणि अजून कुणी आलेलं नाही.