डोमेन सोडण्याआधी

“नव्या डोमेनमध्ये गेल्यावर तुला आत कोण घेईल?” अच्युतबुवांनी विचारलं.

हेरंब हसला. “मला? मी ॲडमिनिस्ट्रेटर आहे, बुवा.”

मठाच्या धर्मार्थ रुग्णालयाचा सर्व्हर आज मठाच्या डोमेनमधून रुग्णालयाच्या नव्या डोमेनमध्ये जायचा होता. डोमेन म्हणजे यंत्रांचं गाव. कोणाला आत सोडायचं ते गावचा मुख्य संगणक ठरवतो. रक्तदात्यांची सगळी माहिती त्या एका सर्व्हरवर होती. संध्याकाळी शस्त्रक्रिया होत्या. तोवर ती माहिती उघडली नाही, तर रक्त कोणाकडे मागणार?

संन्यास घेण्याआधी बुवा टेलिफोन खात्यात होते. हेरंब त्यांचा शिष्य. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे एक क्षणही न विसरणारा.

“बॅकअप घेतला, तपासलाही,” तो म्हणाला. “तुमचा फक्त आशीर्वाद हवा.”

“या यंत्राचं स्वतःचं एक खातं होतं. गावाला न विचारता उघडणारं.”

“ते मी बंद केलं. उगाच धोका कशाला? जुन्या ओळखी लक्षात ठेवायची सोयही काढून टाकली. आता डोमेन म्हणेल तोच आत.”

“छान,” बुवा म्हणाले.

त्यांनी हेरंबला यंत्रातून बाहेर पडायला सांगितलं. मग वाकून सर्व्हरची नेटवर्कची वायर काढली.

“जा आता आत.”

हेरंबनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. नकार आला. एकेक अक्षर बघून पुन्हा टाकला. पुन्हा नकार.

“बुवा, माझी ओळख पटवायला डोमेनच नाही, तर मी...”

“जुनं गाव सुटलं. नव्या गावानं अजून तुला पाहिलेलं नाही. मधल्या वेळात तू कोण?”

हेरंबचं तोंड उतरलं. संध्याकाळ आठवून तो खरोखर घाबरला.

बुवांनी वायर परत लावली आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

हेरंबनं यंत्राचं खातं पुन्हा सुरू केलं, नवा पासवर्ड ठेवला, डेटाबेसलाही त्या खात्याची ओळख करून दिली. मग न सांगता तो यंत्रातून बाहेर पडला आणि त्यानं स्वतःच वायर काढली.

त्या खात्यानं यंत्र उघडलं. रक्तदात्यांची नावं समोर आली.

तो ताठ बसला. “आता नेऊ?”

“ने. आता मधल्या वेळातही तू परका नाहीस.”