हिंदुरावांचा सायलेन्सर

एका गावात एक भोळा मेकॅनिक होता. नाव गुंडू. गॅरेज दस्तगीर मिस्त्रींचं, पाने मिस्त्रींचे, भोळेपणा तेवढा गुंडूचा स्वतःचा. सांगाल तेवढं करायचा, आणि एकदा शिकवलेलं जन्मात विसरायचा नाही. सगळा घोळ तिथेच होता.

त्याच गावात हिंदुराव खोतांकडे एक जुनी स्पोर्ट्स कार होती. लाल, दोन दारांची, आणि इतकी बुटकी की आत बसायला आधी ओणवं व्हावं लागे. हिंदुरावांच्या तरुणपणी तिचा आवाज ऐकून म्हशी दावं तोडायच्या. आता सायलेन्सर सडला होता आणि गाडी नुसती खोकायची. हिंदुरावांनी मुंबईहून नवा सायलेन्सर मागवला. कंपनीचा नव्हे, शौकिनांचा. जाड नळकांड्याचा.

हिंदुरावांच्या लेकीला, शालनला, गुंडू आवडायचा. कारण तो खोटं बोलत नसे. खोटं बोलायला लागते तेवढी अक्कलच त्याच्याकडे नव्हती. हिंदुरावांनी अट घातली: गुंडूनं एकट्यानं सायलेन्सर बसवावा, गाडी पूर्वीसारखी गरजली पाहिजे, मग रविवारी लग्नाची सुपारी फोडू. नाहीतर इचलकरंजीचं स्थळ तयार आहे. गुंडूला घास गोड लागेना. शालनवर त्याचा फार जीव होता.

तो खोतांच्या अंगणात गाडीखाली शिरला. जुन्या सायलेन्सरचा बोल्ट गंजून बसला होता. गुंडू पान्याला लोंबकळला. बोल्ट हलला नाही, पाना सटकून कपाळावर आला. टेंगूळ घेऊन तो मिस्त्रींकडे गेला.

मिस्त्री म्हणाले, "जे हलत न्हाई त्याच्याशी झोंबायचं न्हाई. आधी तेल सोडायचं, मुरू द्यायचं, मग हातोडीनं हळूच ठोकायचं."

"बरं," गुंडू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जुना सायलेन्सर निघाला. आता गाडी मागे ढकलायची, तर मागे हिंदुरावांचे थोरले भाऊ तात्या खुर्ची टाकून झोपलेले. जेवण अंगावर आलं होतं. तात्या काही हलेनात. गुंडूला शिकवण आठवली. तो झोंबला नाही. त्यानं तात्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर इंजिन ऑईल सोडलं, अर्धा तास मुरू दिलं, आणि हातोडीनं हळूच ठोकलं. तात्या हलले. थेट चावडीपर्यंत हलले.

हिंदुरावांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "बाबा रे, माझ्या दारात कशालाबी हात लावायच्या आधी नमस्कार कर, इचार, आणि व्हय म्हटल्याशिवाय बोट लावू नको."

"बरं, मामा," गुंडू म्हणाला.

बुधवारी नव्या सायलेन्सरचं खोकं उघडलं. गुंडूनं हात जोडले आणि विचारलं, येता का? सायलेन्सर काही बोलला नाही. गुंडूनं वाट पाहिली. दुपारी परत विचारलं. नवीन आहे, लाजत असेल, म्हणून जरा लांब जाऊन बसला. दिवस मावळला तरी सायलेन्सर खोक्यात आणि गुंडू हात जोडून. शालन खिडकीतून बघत होती. तिला हसू आलं, आणि मग रडूही आलं. तिनंच तात्यांच्या हाती मिस्त्रींना निरोप धाडला. तात्या लंगडत गेले.

मिस्त्री आले आणि चिडलेच. लोखंडाला तोंड नसतं, त्याची परवानगी लागत नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग म्हणाले, "गुमान बसव. गाडी चालू कर. जिथनं धूर येतोय ती फट बुजव. ध्यानात ऱ्हाईल?"

राहिलं. गुंडूनं सायलेन्सर झकास बसवला. खरं सांगायचं तर हात त्याचा सोन्यासारखा होता, डोक्यानं मध्ये लुडबुड केली नाही तर. गाडी चालू केली. जोड बघितले. एकातूनही धूर नव्हता. मग तो मागे गेला, आणि बघतो तर नळकांड्याच्या टोकाला हे एवढं भोक, आणि त्यातून धूरच धूर. गुंडूनं गोणपाट कोंबलं, वर लाकडाचं बूच ठोकलं आणि तारेनं आवळलं. गाडी थरथरली. पोटात गुरगुरली. आणि बंद पडली.

हिंदुराव पायरीवर मटकन बसले. गाडीही गेली आणि जावईही, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मिस्त्रींनी बूच उपटलं. यावेळी ते चिडले नाहीत. गुंडूच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी लहान पोराला सांगावं तसं सांगितलं.

"पोटात तयार झालेलं भाईर पडायलाच पायजे. अडवलं की थरथर, गुरगुर, आन् खेळ खलास. आसं दिसलं की मागची मानसं बाजूला कर, आन् पायानं ॲक्सिलेटर दाब. एकदा घाण गेली की शांत चालतंय."

गुंडूनं पाय दाबला. काजळीचा लोट उडाला आणि गाडी अशी गरजली की गोठ्यात म्हशीनं दावं तोडलं. हिंदुरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिथूनच गुंडूच्या आईला निरोप धाडला, रविवारी या.

रविवारी पाहुणे जमले. सतरंजी अंथरली, ताटात सुपारी ठेवली. आईनं गुंडूला बजावलं होतं की तोंड उघडू नको, आणि तो बिचारा हिंदुरावांच्या शेजारी ओठ मिटून बसला होता. हिंदुरावांनी आनंदाच्या भरात सकाळी हरभऱ्याची उसळ तीन वाट्या खाल्ली होती. भटजींचे मंत्र काही संपेनात. हिंदुराव आधी या मांडीवर कलले, मग त्या. कपाळावर घाम आला. चारचौघांत करणार काय? अडकित्ता हातात घेतला तर हात थरथरत होता. आणि गुंडूला अगदी जवळून ऐकू आलं. गुरगुर.

गुंडूच्या काळजात धस्स झालं. आता हे बंद पडले तर सुपारी कोण फोडणार, आणि शालनचं काय होणार?

तो उठला. "मागची मंडळी जरा बाजूला व्हा," म्हणाला. ताट फिरवायचं असेल असं समजून मंडळी सरकली. गुंडू हिंदुरावांच्या कानाशी वाकला, पण बोलला सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मामा, अडवू नका."

आणि त्यानं हिंदुरावांच्या पावलावर आपलं पाऊल ठेवून पार तळापर्यंत दाबलं.

भटजींचा मंत्र तुटला. दाराआडच्या बायका पदराचा बोळा तोंडात कोंबून परसात पळाल्या. सुपारी ताटातून घरंगळली ती कुणी उचललीच नाही. हिंदुराव डोळे मिटून, मान खाली घालून गप्प बसले. हूं नाही की चूं नाही.

गुंडूनं मात्र सुटकेचा श्वास टाकला आणि पाहुण्यांना धीर दिला.

"बघा, आता कसे शांत चालायला लागले."